तोंडात दोरा असताना

पार्लरमधली फरशी रोज संध्याकाळी झाडतात. केस जातात, किस्से मात्र तिथेच राहतात. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेहानाचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक बाक, शेजारी खानावळ. मी तिथे इतकी वर्षं जाते आहे की किस्से सांगायला बसलं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही.

गेल्या वर्षी हे गेले. तेव्हापासून मी खुर्चीत बसले नव्हते. कुणी नको म्हटलं नव्हतं. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. पण पाय सवयीने तिकडे वळायचे. बाकावर बसायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं आणि परत यायचं. रेहाना रिकाम्या खुर्चीकडे बघायची, मी कपाकडे.

बाकावरून एक गोष्ट कळली. आयब्रो दोऱ्याने बऱ्या, वॅक्सने की ब्लेडने, हा वाद बायका दुखण्यावरून घालतात. खरा फरक बोलण्याचा आहे!

दोऱ्याचं एक टोक रेहानाच्या दातांत असतं. त्यामुळे बोलायचं गिऱ्हाइकाने. तिचं फक्त "हं".

एकदा एक सासूबाई आयब्रो करता करता सुनेबद्दल सगळं बोलल्या. "स्वयंपाक येत नाही, उठते उशिरा. बरोबर ना गं?"

"हं."

दुसऱ्या दिवशी सून आली. "सकाळपासून टोमणे सुरू असतात. माणसाने किती ऐकायचं?"

"हं."

आठवड्याने दोघी एकदमच दारात! "रेहाना माझ्या बाजूने आहे," असं दोघी एकमेकींना घरी सांगून बसल्या होत्या. रेहानाने शांतपणे दोऱ्याचं रीळ वर धरलं. "तोंडात हा होता, बाई! मी याच्या बाजूने."

दोघी हसल्या. त्या दिवशी दोघींनी आयब्रो करून घेतल्या, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही!

वॅक्सचं उलटं. ते सविता करते. ती रेहानाची भागीदार, जळगावला कोर्स करून आलेली. वॅक्सला हात लागतात, तोंड मोकळं राहतं. आणि सविताचं तोंड मोकळं राहणं म्हणजे काय, ते धुळ्याला माहीत आहे.

रावेरची एक नवरी मावशीकडे आली होती, सोबत आई. केळीच्या बागा असलेलं घर. सविता पट्टी लावता लावता टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली, "आणि तिने एकदम दार उघडलं!" म्हणत सविताने पट्टी ओढली. पट्टीबरोबर अर्धी भुवई आली.

नवरीच्या आईने पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे केळीचा घड कापतानासुद्धा माणूस गप्प असतो, बाई. ही तर पोरीची भुवई आहे!"

नवरीने मात्र आरशात बघत विचारलं, "पण दार उघडल्यावर काय झालं?"

राहिलं ब्लेड. दुखत नाही, झटपट होतं. पण त्यात कुणीच बोलत नाही. पंखासुद्धा बंद. आणि आमच्याकडे ब्लेडचं काम फक्त सकाळी होतं. कारण एकदा दुपारी एक बँकेतल्या मॅडम ब्लेडसाठी बसल्या आणि शेजारच्या खानावळीत शेवभाजीला काळ्या मसाल्याची फोडणी पडली. मॅडम शिंकल्या, सविता शिंकली, बाकावर आम्ही सगळ्या शिंकलो. रेहानाने ब्लेड वेळेवर वर उचललं म्हणून बरं.

तेव्हापासून फोनवर कुणी दुपारची वेळ मागितली की सविता विचारते, "दोरा की ब्लेड? ब्लेड असेल तर फोडणीच्या आधी या!"

यांना यातलं काहीच कळायचं नाही. मला सोडायला यायचे, स्कूटरवर पेपर वाचत बाहेर थांबायचे. एकदा लाइट गेलेले, आतली मेणबत्ती बघून मी तशीच परत आले. यांनी पेपर घडी केला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आज छान झाल्यात!"

मी स्कूटरवर मागे बसले.

आमच्यातल्या एका शिक्षिकेने जळगावला जाऊन भुवया कोरून घेतल्या. म्हणजे सुईने रंग भरून कायमच्या. रेहानाने बजावलं होतं, "बाई, कायमचं काही करू नका, माणसाचं तोंड रोज वेगळं असतं." पण झालं. भुवया जरा वर चढल्या. बाईंचा चेहरा कायम चकित! शाळेत तपासणीला आलेले साहेब म्हणे खूश होऊन गेले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला एवढं आश्चर्य कुणी दाखवलं नव्हतं.

हे गेले तेव्हा त्या भेटायला आल्या. डोळे रडवेले, वर त्या भुवया. मागे कुणीतरी हसू दाबलं. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसांत सगळे एकसारखे चेहरे घेऊन येत होते. एकट्या त्यांचा चेहरा मला बरोबर वाटला. मी आतून तशीच होते. चकित.

आणि परवाची गोष्ट.

अक्कांना, म्हणजे सासूबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आम्ही परतत होतो. पार्लरपाशी अक्का थांबल्या. जन्मात कधी पार्लरची पायरी चढल्या नव्हत्या, त्या दिवशी सरळ आत शिरल्या आणि रेहानाला आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "बेटी, हिन्या भवया करी दे. आरसामा देखत नही ती."

बाकावरची एक ओळखीची बाई हळूच म्हणाली, "अक्का, अजून वर्षही झालं नाही..."

अक्कांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "मना आंडोर गया," त्या म्हणाल्या. "हाई जित्ती शे."

आंडोर म्हणजे मुलगा. बाईने पाय आखडून मला खुर्चीकडे वाट दिली.

मी खुर्चीत बसले. दोऱ्याने करताना आपली कातडी आपणच ताणून धरायची असते, एक हात भुवईच्या वर, एक पापणीवर. माझी बोटं ठरेनात. रेहानाच्या दातांत दोरा, ती थांबली.

"सोड. मी धरस," अक्का म्हणाल्या आणि त्यांची खरखरीत बोटं माझ्या कपाळावर आली.

झालं तेव्हा रेहानाने गुलाबपाण्याचा बोळा माझ्या भुवयांवरून फिरवला. मी डोळे उघडले. अक्कांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

सविता म्हणाली, "अय्या अक्का, तुम्हाला कशानं..."

रेहानाने तिच्याकडे एकदा पाहिलं. दुसरा बोळा भिजवला, अक्कांची हनुवटी धरली आणि त्यांच्या पांढऱ्या भुवयांवरून सावकाश फिरवला. "पहिल्या वेळी लागतंच, अक्का."

अक्कांनी पदराने नाक पुसलं.

"भलता जोरमा वढस व माय तू!"