मागचे, आवाज कुठंय?

शिबिराच्या समारोपाच्या सकाळी उठलो, आईकडे चहा मागायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली. फुस्स. सायकलच्या ट्यूबसारखी. आईला वाटलं नवीन मिमिक्री चाललीय. म्हणाली, "पुरे तुझी नाटकं, उशीर होईल."

आता आवाज जाणं म्हणजे माझं सगळंच जाणं. मुरबाडच्या शाळेत हेडसरांची नक्कल करत मोठा झालेला मी. मानपाड्याच्या आमच्या विहारात उन्हाळी धम्म शिबीर माझ्याकडे आलं, ते पण त्या नकलांमुळेच. आठवी-नववीची पोरं सुट्टीत वंदनेला कशाला येतील? म्हणून शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाला ध्यानाला बसला तर काय होईल, ते करून दाखवलं. पोरं हसली, टिकली. हळूहळू डोळे मिटून बसायला पण लागली. फक्त रिया नावाची नववीतली एक मुलगी शेवटपर्यंत हसली नाही. भिंतीला टेकून नुसती बघत बसायची. एकदा विचारलं, "काय गं, बोअर होतंय का?" तर म्हणाली, "चालू दे ना दादा तुझं."

विहार कमिटीतले मोरे काका मला आदल्या दिवशीच बोललेले, "अरे, ही पोरं तुझ्या मिमिक्रीला येतात, वंदनेला नाही. उद्या भन्तेजी असतील, आईबाप असतील. पोरं गप्प बसली ना, तर पुढच्या वर्षी शिबीर नाही. हॉल ट्युशनवाल्यांना देऊन टाकू." राग आलेला. पण खरं सांगू? मला पण तीच भीती होती.

हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग नाही. विहारात लवकर जाऊन मूर्तीसमोर बसलो. भन्तेजी नेहमी सांगतात, बुद्ध मागितलेलं देत नाहीत, वाट दाखवतात. माहीत होतं, तरी मागितलं. आणि गंमत बघा, मागायला पण आवाज नव्हता. मग मनातच म्हटलं, माझ्याकडे एवढं एकच होतं, ते पण गेलं. आता जे व्हायचं ते होऊ दे. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी तेव्हा जरा उठल्यासारखं वाटलं.

मागे चपला काढल्याचा आवाज. पांढऱ्या ड्रेसमध्ये रिया, हातात फुलांची पिशवी. मी गळ्याकडे बोट केलं.

"गेला?"

मान हलवली.

"पूर्ण?"

पूर्ण. आणि ती हसली. अख्ख्या शिबिरात पहिल्यांदा!

"मग तू बस दादा. मी घेते."

हॉल भरला. पुढे पोरं, मागे पालक. मी मेणबत्ती लावून कोपऱ्यात बसलो. रियानं त्रिशरण सुरू केलं आणि मी दचकलोच. तो माझा आवाज होता! शेवटचं अक्षर ओढायची माझी सवय, भुवई वर करणं, सगळं. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याचं 'दुतियम्पि' म्हणायच्या आधी ती थांबली, कानाला हात लावला आणि माझ्याच हेलात म्हणाली, "मागचे, आवाज कुठंय?"

पोरांनी हात जोडून, डोळे मिटून, त्याच चालीत म्हटलं, "मागचे, आवाज कुठंय?"

रोज मी तिथंच ओरडायचो. पोरांनी ते पण पाठ केलेलं, वंदनेतलंच समजून.

मोरे काकांच्या कपाळाला आठी.

पण मागे बसलेल्या आईबापांना वाटलं, आपल्यालाच म्हणतायत. सगळे सावरून बसले आणि असं काही 'दुतियम्पि' म्हणाले की खिडकीच्या काचा थरथरल्या. मोरे काका पण, हात जोडून, सगळ्यांत मोठ्यांदा. भन्तेजींनी एक डोळा उघडला, गालातल्या गालात हसले, परत मिटला. मी मात्र सगळ्यांसमोर रडत होतो, आणि त्याला पण आवाज नव्हता.

रियानं ते मुद्दाम केलं की सवयीनं निघालं, अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "तू गप्प बसलास म्हणून आम्हाला चान्स मिळाला, दादा." काका जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी पण मागच्यांना ओरडायला लाव."

आवाज आठवडाभरात परत आला. वंदना रोज म्हणायचो, पण शरण जायचं म्हणजे काय, ते त्या कोपऱ्यात गप्प बसल्यावर थोडं कळलं. हल्ली मी एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मागून आवाज येतो.

माझा कोणी नेलेला, माहीत नाही. ज्यानं नेला त्याला, वंदनेच्या शेवटी म्हणतो तसं, मनापासून, साधु, साधु, साधु.