दुसरं कात्रण

दिगंबरराव गेल्याचं मला साखऱ्याच्या एका बाजारकऱ्यानं सांगितलं, तेही खांद्यावरची पिशवी उतरवता उतरवता. चार दिवस होऊन गेले होते. मी त्याला चहा पाजला, गावची चौकशी केली आणि तो गेल्यावर मात्र मला काही सुचेना... ज्या माणसाच्या गप्प राहण्यावर माझी नोकरी टिकली, त्याच्या तिरडीला खांदा द्यायलाही मी पोहोचलो नाही.

साखऱ्याला त्यांची कोरडवाहू जमीन होती आणि एका मराठी साप्ताहिकाला ते बातम्या पाठवत. मी निजामाच्या अमलात तालुक्याच्या अदालतीत तर्जुम्याच्या, म्हणजे भाषांतराच्या कामावर होतो. कामकाज सगळं उर्दूत, त्यामुळे मराठी कागद माझ्या हातून उर्दू होऊनच पुढे जाई. दिगंबरराव मला मुन्शीजी म्हणत. लिहायची त्यांना घाई नसे, पण एकदा लिहिलं की शब्द हलवत नसत, मोठे हट्टी. नरसीकडच्या एका मेंढपाळाच्या मेंढ्या जमीनदारानं कोंडून ठेवल्या होत्या. त्याच्या दाव्याला तारखांवर तारखा पडल्या आणि तोवर निम्म्या मेंढ्या मेल्या; जमीनदाराचा स्वतःचा दावा मात्र पहिल्याच तारखेला निकाली निघाला. दिगंबररावांनी एवढंच लिहिलं, अकरा ओळींत. पुढच्या आठवड्यात सरकारी जाहिराती छापणाऱ्या एका बड्या पत्रानं तीच बातमी जशीच्या तशी उचलली.

दोन्ही कात्रणं माझ्या टेबलावर आली. मुन्सिफांपुढे कागद ठेवणाऱ्या पेशकारानं साप्ताहिकातलं माझ्यापुढे सरकवलं, दुसरं बाजूला सारलं. म्हणाला, "इसका तर्जुमा करो. वो रहने दो." मी केला. अदालतीची बेअदबी केली म्हणून खटला उभा राहिला, तो एकट्या दिगंबररावांवर. मला राहवेना. त्यांना गाठून मी दुसऱ्या कात्रणाचं सांगितलं, आणि लगेच हात जोडून म्हणालो, माझं नाव कुठे घेऊ नका, घरात तीन लेकरं आहेत. आजही पहिल्यांदा तीच सबब तोंडात येते, बघा.

ज्यांच्या अदालतीबद्दल लिहिलं, त्याच मुन्सिफांसमोर ते उभे राहिले. म्हणाले, "हीच बातमी दुसऱ्या पत्रानं बी छापली. तिचं कात्रण इथंच आलंय. मग मला एकट्यालाच काहून बोलावलं?" मी ते उर्दूत सांगितलं. मुन्सिफांनी मलाच विचारलं, असं कात्रण आलंय का? पेशकार माझ्याकडे पाहत होता. मी नाही म्हणालो. मग त्यांनी दिगंबररावांना विचारलं, कात्रण आल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले...

"कोणी न्हाई सांगितलं. मलाच वाटलं."

तेही वाक्य मला उर्दूत करावं लागलं. मी ते अगदी बराबर केलं.

तीन महिन्यांची कैद झाली. त्या साली पेरणी हुकली, आणि तुरुंगातून ते खोकला घेऊन आले तो शेवटपर्यंत गेला नाही. मी तोंड चुकवत फिरत होतो, तर तेच एक दिवस घरी आले. दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी नव्या बातमीचा कागद पुढे केला. "मुन्शीजी, ही उर्दूत कशी दिसंल ते आधी सांगा. मग पाठवतो." त्यानंतर प्रत्येक बातमी ते मला दाखवून पाठवू लागले. हे वाक्य जरा मऊ करा, असं मी म्हणायचो. ते हसायचे आणि तसंच पाठवायचे. कात्रणाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मी काढायला हवा होता. सहा वर्षं ते माझ्यासमोर बसत होते आणि मला ते जमलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ते राज्य गेलं. ते दुसरं कात्रण मी नाही म्हणालो त्याच दिवशी खिशात घालून घरी आणलं होतं. जाळायचा धीर झाला नाही, दाखवायचाही झाला नाही. कागद पिवळा पडलाय, पण अकराच्या अकरा ओळी नीट वाचता येतात. या लेखासोबत ते दिगंबररावांच्याच साप्ताहिकाच्या संपादकांकडे पाठवतो आहे. दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापाव्यात, एवढीच विनंती. लेख पुरा झाला तेव्हा सवयीनं दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. या खेपेला दाखवायची पाळी माझी होती.