ढाब्यावरचं उत्तर

कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात मी जेवत होतो. मालक फोन घेऊन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, हे पुसता येते का?"

कुण्या गिऱ्हाइकानं नेटवर लिहिलं होतं, भाजीत केस निघाला. खाली यानं उत्तर दिलं होतं, "माफ करा. स्वयंपाकीणबाईला कामावरून काढून टाकलं."

आत चुलीपुढं त्याची बायको भाकरी थापत होती. ढाब्यावर दुसरी स्वयंपाकीण नव्हतीच.

"वहिनींनी वाचलं काय?" मी विचारलं.

"तिला वाचता येत न्हाई," खांद्यावरच्या टॉवेलनं उगाच फोनची काच पुसत तो म्हणाला. "पन मला येतंय ना."

मी ते उत्तर काढून टाकलं. तेवढ्यात ती गरम भाकरी घेऊन आली, "अजून वाढू का, भाऊ?" म्हणाली. त्यानं मान वर केली नाही.