गायरानातला जाळ

उंद्री गावाच्या अलीकडे तानुबाई आणि तिचा नवरा पुंजाजी यांचा वांग्यांचा मळा होता. चौसष्टच्या हिवाळ्यात त्यांच्या बांधाला लागून असलेल्या गायरानात सरकारी माणसं यंत्र घेऊन आली. कोळसा शोधत होती. कोळसा लागला, पण फार खोल. मात्र जमिनीत सोडलेल्या पाइपातून सूंऽऽ असा आवाज येऊ लागला. कोळशात कोंडलेला गॅस वर येत होता. त्यांच्या साहेबांनी लांब काठीला पेटता बोळा बांधून पुढं धरला, आणि भप्पकन पुरुषभर उंच जाळ उठला.

गावाला वेडच लागलं. कुणी डफ आणला, कुणी सनई. तानुबाईनं टोपलंभर वांगी आणली, सळईला टोचून त्या जाळावर भाजली आणि सगळ्या गावाला भरीत खाऊ घातलं.

"लाकूड नाई, गोवरी नाई, अन् भरीत तयार!" ती हसत सुटली. हसता हसता खालीच बसली.

एरवी मोजकंच बोलणारा पुंजाजी त्या दिवशी डफाच्या तालावर नाचला. "घरोघरी नळी येईन," तो म्हणाला, "तुया डोयात धूर म्हनून जानार नाई!"

"हाव, अन् मी पलंगावर बसून भाकरी थापीन!"

पण गॅस पुरेसा यायचा तर कोळशाच्या थरातलं पाणी आधी उपसावं लागतं, असं साहेबांनी सांगितलं. पंप धडधडू लागला. खारट, काळपट पाणी नाल्याला वाहू लागलं. थोड्याच दिवसांत तानुबाईची मोट विहिरीच्या तळाला खडखड वाजली. शेजारच्या गोजरबाईच्या विहिरीचंही तेच.

गाव फुटलं. इकडे गॅसवाले, तिकडे पाणीवाले. पारावर भांडणं, बाजारात भांडणं. पुंजाजी गॅसवाल्यांचा पुढारी, आणि त्याची बायको पाणीवाल्यांची. रात्री तिनं त्याला ठेचा-भाकरी वाढली, पण तांब्या काही ठेवला नाही. त्याला ठसका लागला.

"पानी दे नं!"

"काऊन? तुमची नळी येनार हाये नं, तिले तोंड लावा."

शेवटी मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, "गावाचं म्हणणं मला वर कळवायचंय. गॅस हवा त्यांनी लिंबाखाली जा, नको त्यांनी पारापाशी या."

पुंजाजी ऐटीत लिंबाखाली गेला. त्याच्यामागं अर्ध्याहून जास्त गाव. तानुबाई पदर सावरून पुढं आली.

"साहेब, हिरीचं पानी परत कवा येईन?"

साहेब म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही, बाई."

लिंबाखाली चुळबुळ झाली. एक माणूस निघून पाराकडं आला, मग चार, मग घोळकाच. राहिला एकटा पुंजाजी, हातांची घडी घालून, आभाळाकडं बघत.

"अजी!" तानुबाईनं हाक मारली. तो हलला नाही.

"अजी, आयकता काय?" नाहीच.

तेव्हा तिनं छाती भरून श्वास घेतला. "ओ पुंजाजी!"

भर गावात बायकोनं नवऱ्याला नावानं हाक मारली! गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. पण हसू काही दबलं नाही. ती फुटली, मग बायका फुटल्या, मग बाप्ये. सरपंच महादेवरावांची टोपी हसता हसता खाली पडली.

पुंजाजी कानापर्यंत लाल झाला. मग लिंबाचं खोड धरून तोही खदखदायला लागला. "काय म्हनलं? अजून एक डाव म्हन!"

"पुंजाजी, पुंजाजी, पुंजाजी!" तानुबाई झोक्यावरच्या पोरीसारखी ओरडत सुटली, आणि तो धोतराचा सोगा सांभाळत धावतच पारापाशी आला.

साहेबांनी पंप बंद करवला. होळीआधी यंत्रं गेली, पाइपाचं तोंड बुजवलं. विहिरींना पाणी चढायला पुढचा पावसाळा लागला, त्या वर्षी वांगी हातची गेली. गॅससाठी येणाऱ्या लोकांच्या भरवशावर चहाचं दुकान टाकणारा दयाराम तर वर्षभर तानुबाईशी बोलला नाही. पण पुढच्या ग्रामपंचायतीत बायकांच्या जागेवर गावानं तिलाच बिनविरोध बसवलं.

आणि घरात तिनं "अजी" म्हटलं, की पुंजाजीला मुळीच ऐकू येत नसे.