भाजीवालीचा पदर

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, लोकांना जितक्या उठाबशा काढायला लावल्या, तितक्या नाशकातल्या कुठल्याही मास्तराने लावल्या नसतील. पाहुणा चहा पिऊन उठला, की हे म्हणणार, जरा परत बसा आणि परत उठा बरं! मग गुडघ्यावर हात आधी टेकला की कंबर आधी वाकली, यावर चर्चा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला, तर यांनी त्याला पुन्हा चढायला लावलं. वरमाईने त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. अंबडच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढणारा हा माणूस नव्वदच्या दशकात नोकरी सोडतो काय आणि पंचवटीत माडीवर दोन कॉम्प्युटर मांडून अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ काढतो काय! नातेवाईक म्हणाले, डोकं फिरलं. आत्या म्हणाली, फिरलंय खरं, पण चांगल्या बाजूला.

त्यांना स्वतःचा एक छोटा सिनेमा करायचा होता. बाजार उठल्यावर म्हातारी भाजीवाली रिकामी पाटी घेऊन घरी जाते, एवढीच गोष्ट. चालीचा नमुना आत्याच. डोक्यावर पाटी देऊन तिला गच्चीवर इतकं चालवलं, की शेजारीण विचारायला आली, कसला नवस बोललात म्हणून. आत्याला तो सिनेमा पडद्यावर बघायचा होता. बहिणींना आमंत्रणंही देऊन झाली होती.

पण पदर काही आतोबांच्या मनासारखा उडेना. उडाला तरी पत्र्यासारखा! एक हेलकावा कॉम्प्युटरकडून तयार करून घ्यायला अख्खा दिवस जाई, त्यात लोडशेडिंग, आणि झाला की हे मान हलवून सगळं पुसायला सांगत. दरम्यान जाहिराती मिळाल्या, मग परदेशी कार्टूनची कामं आली. दोनाचे चाळीस कॉम्प्युटर झाले, स्टुडिओ मोठ्या जागेत गेला, आणि साहेबांच्या देशातल्या कुत्र्यांच्या शेपट्या आमच्या नाशकात हलू लागल्या. त्या मात्र अगदी वेळेवर रवाना होत. घरची भाजीवाली तेवढी पदरापायी वाटेत अडकलेली. आत्या म्हणे, "अहो, पदर राहू द्या तसाच. त्या बाईला आधी घरी पोचवा."

आत्या गेली ती सिनेमा न बघताच. दुखणं इतकं थोडक्यातलं, की कुणाला काही करायला अवधीच मिळाला नाही. आतोबांनी त्यानंतर भाजीवालीचं नाव काढलं नाही.

पुढे स्टुडिओतल्या मंडळींनी त्यांना न विचारता सिनेमा पुरा केला, त्याच जुन्या पदरासकट, आणि आम्हा घरच्यांना एका हॉलमध्ये दाखवला. म्हातारीने दारात पाटी उतरवली, तेव्हा आत्याच्या बहिणी हमसून रडल्या. दिवे लागल्यावर आतोबांनी मला विचारलं, पदर कसा वाटला? मी म्हटलं, पदराकडे लक्षच गेलं नाही हो, सिनेमा इतका सुरेख झालाय! त्यांनी मागे वळून एकेकीला विचारलं. कुणाचंच गेलं नव्हतं.

"मग तिलाही चाललं असतं रे," ते म्हणाले.

पदर फार खटकला, असं खोटंच सांगायला हवं होतं मी. तेवढं त्या वेळी सुचलं नाही, याची आजही हळहळ वाटते.