दीपमालाची तिसरी आठवण

माझी धाकटी बहीण दीपमाला सव्वीस वर्षांची आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं; आमच्या हसनाबादनं त्याआधीच वेडी म्हणून टाकलं होतं. ती वेडी नाही. तिला खोटं सहन होत नाही आणि ती काही विसरत नाही, आमच्या घरात एवढा गुन्हा पुरेसा आहे.

तिचं सगळं जग म्हणजे एक बोलका स्पीकर. त्याला ती ‘बाई’ म्हणते. भोकरदनची बस किती वाजता, हे ती दिवसातून तीसदा विचारते. मला विचारायची तेव्हा तिसऱ्या वेळी मी खेकसायचे. बाई तिसाव्या वेळीही पहिल्यासारखंच सांगते. केस विंचर, गोळी घे, अशा आठवणीही बाईच करून देते. त्या लावायच्या कशा, हे घरात फक्त दीपमालाला येतं.

दिवाळीनंतर आमच्या भावाला, प्रितमला, पाहायला मुलीकडचे लोक आले. दीपमालाला मागच्या खोलीत बसवलं, बाहेरून कडी लागली, आणि प्रितमनं तिची बाई उचलून बैठकीत आणली. पाहुण्यांना गाणी लावून दाखवायची हौस. वर म्हणाला, "आमाला एकच बहीण, ही प्रीती." मी चहा देत होते. पुढचा कप पुढे केला.

दाराआडून दीपमालानं सगळं ऐकलं. बाई परत मिळाली तरी दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझी बाई नेली. मला मोजलं न्हाई. आता सोडायचं न्हाई."

ती सोयरीक जमली नाही. दोन महिन्यांनी आष्टीचे पाहुणे यायचं ठरलं. दीपमालानं मला फक्त वेळ विचारली. मग आठवडाभर ती बाईपाशी बसून हळू आवाजात काहीतरी लावत होती. त्यातली दोन वाक्यं माझ्या कानावर पडली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लहानपणापासून प्रितमनं आम्हा दोघींना पायपुसण्यासारखं वागवलं. त्याची जिरवायची धमक माझ्यात नव्हती, तिच्यात होती.

पाहुणे आले. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मुलीची आई, उषाबाई, शाळेत शिकवायच्या. प्रितमनं पुन्हा बाई टेबलावर ठेवली आणि पुन्हा तेच सांगितलं, एकच बहीण.

अकरा वीसला बाई बोलली. "आठवण. प्रितमला दोन बहिणी आहेत."

"बिघडलाय डबा," प्रितम हसून म्हणाला. वायर माझ्या हाताशी होती. मी वायरीकडे पाहिलं आणि उषाबाईंना लिंबाची फोड दिली.

"आठवण. दुसरीचं नाव दीपमाला. ती मागच्या खोलीत आहे. बाहेरून कडी आहे."

प्रितमचा उतरलेला चेहरा पाहून मला जे बरं वाटलं, ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

"प्रीते, बंद कर जल्दी."

"मला न्हाई येत," मी म्हणाले.

उषाबाई ताट खाली ठेवून उठल्या, मागच्या खोलीकडे निघाल्या.

"आठवण. कडी प्रीती ताई लावते."

हे वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. उषाबाई वळल्या. "खरं हाय का?"

"हाव," मी म्हणाले. "दोन्ही बारीला मीच लावली."

त्यांनी स्वतःच कडी काढली. दीपमाला नीट केस विंचरून बसली होती. बैठकीत आली, बाईला उचललं, माझ्याकडे न पाहता विचारलं, "अजून आठवण हाय का?"

"आज आणखी आठवण नाही," बाई म्हणाली. मग दीपमाला उषाबाईंच्या शेजारी बसून पोहे खायला लागली.

आष्टीचा नकार संध्याकाळीच आला. प्रितम अजून माझ्याशी बोलत नाही, त्याचं मला काही नाही. मागच्या खोलीच्या दाराची कडी मी स्क्रू काढून फेकून दिली, तेही दीपमालानं पाहिलं. पण बसची वेळ तिनं मला तेव्हापासून एकदाही विचारलेली नाही.