एकास एक

शिवणकामवाल्या काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याची धडगत नसे. कुणी शिलाईला नावं ठेवली तर त्या कापड त्याच्या अंगावर फेकत. मुलगा गेल्यापासून मात्र त्यांचं सगळं बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबायचं. "माझ्या पोराने एकास एक हिशोबाने सोडा टाकला होता." ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते.

मुलगा पत्रे धुण्याच्या कारखान्यात होता. वापरलेलं ॲसिड टाकीत साठायचं. त्यात कॉस्टिक सोडा घालून ते मारायचं, म्हणजे त्याचा दाहकपणा घालवायचा, मग टाकी उपसून गाळ काढायचा, हे त्याचं काम. त्या दिवशी तो टाकीत उतरला आणि पाय घसरून गाळात पडला. ॲसिड मेलेलंच नव्हतं. दवाखान्यात काकूंना त्याचा चेहरा बघू दिला नाही.

कारखान्याने हात झटकले, चूक त्याचीच म्हणून. पण आदल्या दिवशी जेवताना तो काकूंना म्हणाला होता, "आई, नवं ॲसिड आलंय. पण हिशोब जुनाच, त्याच्या एका कणाला सोड्याचा एक कण." पोराचा हिशोब चोख, म्हणजे सोडाच कमी भरला! काकूंनी सगळं खापर गोणी तोलून देणाऱ्या स्टोअरकीपरवर फोडलं. चौकशी लागली, त्याला घरी बसवलं. काकूंना त्याची जराही दया आली नाही.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी गप्प करू नये म्हणून त्या पदर खोचून शेजारच्या मास्तरांकडे गेल्या. "मला तो हिशोब शिकवा. एकेकाच्या तोंडावर फेकायचाय."

सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. मास्तरही चिवट. पाटीवर HCl लिहून म्हणाले, "हे जुनं ॲसिड, वहिनी. H म्हणजे हायड्रोजन. याच्या एका कणात तो एकच. सोड्याचा एक कण एकाच हायड्रोजनला गप्प करतो. म्हणून एकास एक."

"तेच तर मी ओरडून सांगतेय!"

मास्तरांनी खाली H₂SO₄ लिहिलं. "हे नवं. H च्या पायाशी काय आहे?"

"दोन."

"म्हणजे दोन हायड्रोजन. मग सोड्याचे कण किती?"

दोन काजांना बटणं किती, हे काकूंना कुणी शिकवायला नको होतं.

"कण मोजता येत नाहीत, तोलावे लागतात," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "या अठ्ठ्याण्णव किलो ॲसिडला ऐंशी किलो सोडा लागतो. एकास एक धरला तर चाळीसच पडतो. अर्धं ॲसिड तसंच राहतं."

"तुमचं चुकतंय. परत करा."

त्यांनी परत केलं. मग काकूंनी पाटी हिसकावून स्वतः केलं. उत्तर हलेना.

"माझं पोर हुशार होतं हो," त्या रडू लागल्या.

"हुशार होता म्हणूनच. अडाणी माणसाने भीतीपोटी दोन गोण्या जास्तच ओतल्या असत्या."

जेवतानाचं ते बोलणं काकूंच्या शब्दावर उभं होतं. त्यांनी ते फिरवून 'एकास दोन' केलं असतं तर पोराचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि स्टोअरकीपर कायमचा बुडाला असता. चौकशीच्या खोलीत तो दाढी वाढवून कोपऱ्यात बसला होता. काकूंना त्याच्याकडे बघवेना. त्या उभ्या राहिल्या आणि सगळं बोलल्या, पायाशी असलेल्या दोनसकट.

"म्हणजे चूक तुमच्या मुलाची?" साहेबांनी विचारलं.

"हो. लिहून घ्या. आणि हेही लिहा, उतरण्याआधी ॲसिड तपासायचा कागद कारखान्यात संपला होता. मागून मागून मिळेना, असंही तो म्हणाला होता."

"ते या चौकशीत येत नाही, बाई," म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

आजवर काकूंना दारातूनच परत पाठवणारा कारखान्याचा मॅनेजर लगबगीने उठला आणि त्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.